भारताकडे स्वतःचे उपग्रह असताना इतर देशांच्या उपग्रहांची माहिती कशासाठी लागते?

भारताचे स्वतःचे इतके उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असताना परदेशी उपग्रहांवर विसंबण्याची गरज काय, आणि या आंतरराष्ट्रीय सहकार्यातून गावातल्या माणसाच्या पदरात नेमके काय पडते, असा आपला प्रश्न आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि गेली काही वर्षे कृष्णाकाठचे पूरनकाशे विद्यार्थ्यांकडून करून घेतो, म्हणून उत्तराची सुरुवात आमच्याच नदीपासून करतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे पाणी कुठवर आले असेल याची कल्पना येईल. त्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेले होते. साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह, मग तो कोणत्याही देशाचा असो, ढगांची पाठ तेवढी दाखवतो. खालचे पाणी दाखवत नाही. अशा वेळी रडार लागते, कारण रडार स्वतः लहरी सोडते, त्या ढगांतून आरपार जातात आणि रात्रीच्या अंधारातही काम करतात. भारताने २०१२ मध्ये रिसॅट-१ हा रडार उपग्रह सोडला होता, पण २०१९ च्या पुरापूर्वीच त्याचे काम थांबलेले होते आणि त्याच्या जागी येणारा ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. मधल्या त्या काळात आमच्यासारख्यांना सहज मिळणारी रडार प्रतिमा होती ती युरोपच्या सेंटिनेल-१ ची. ती मी घरातल्या संगणकावर उतरवून घेतली तेव्हा मला एक रुपयाही मोजावा लागला नाही. नावनोंदणी केली, जिल्ह्यावर चौकट आखली आणि तारीख निवडली, एवढेच. त्या प्रतिमेत संथ पाणी काळेभोर दिसते, कारण सपाट पृष्ठभागावर पडलेली लहर आरशासारखी पुढे निघून जाते आणि उपग्रहाकडे परत येत नाही. एरवी रेघेसारखी दिसणारी कृष्णा त्या प्रतिमेत काळ्या सरोवरासारखी पसरलेली होती.

एखाद्या देशाने कितीही पैसा ओतला तरी ही गरज पूर्णपणे संपत नाही, आणि त्याचे कारण कक्षेत आहे. जमिनीचे बारीक निरीक्षण करणारे उपग्रह साधारण ५०० ते ८०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, पृथ्वीभोवतीची एक फेरी सुमारे दीड तासात पुरी करतात आणि प्रत्येक फेरीत खालचा एक अरुंद पट्टा टिपतात. आपल्या रिसोर्ससॅटवरचा लिस-३ हा कॅमेरा १४१ किलोमीटरचा पट्टा पाहतो आणि त्याच जागेवर २४ दिवसांनी परत येतो. अमेरिकेच्या लँडसॅटला १६ दिवस लागतात. सेंटिनेल-१ चा एक उपग्रह त्याच कक्षेतून १२ दिवसांनी येतो. पुराचे पाणी मात्र आठवड्यात चढून उतरूनही जाते. उपग्रह जिल्ह्यावरून जाण्याची वेळ आणि पाणी सर्वाधिक चढण्याची वेळ जुळेलच, याची कोणीही हमी देऊ शकत नाही. वेगवेगळ्या देशांचे उपग्रह वेगवेगळ्या दिवशी त्याच गावावरून जातात, म्हणून त्यांच्या प्रतिमा एकत्र ठेवल्या तरच पुराची चढउतार कळते. हवामानाच्या भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागेवर थांबल्यासारख्या दिसणाऱ्या, उपग्रहांचे गणित वेगळे आहे. आपला इन्सॅट हिंदी महासागराकडे अखंड पाहत असतो. पण पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला काय चालले आहे हे तो पाहू शकत नाही, आणि आठ-दहा दिवसांच्या अंदाजासाठी तेही लागते.

दुसरे कारण मला एका शेतकऱ्याने शिकवले. पूर ओसरल्यावर आमचा पूरनकाशा घेऊन आम्ही शिरोळ भागातल्या नदीकाठच्या शिवारात फिरत होतो. एका गृहस्थांनी नकाशावर आपले रान शोधले आणि म्हणाले, “सर, तुमच्या नकाशात माझं रान कोरडं दिसतंय, इथं उसात कमरेच्या वर पाणी होतं, आठ दिवस हललं नाही.” ते खरे बोलत होते. उसाच्या बुडख्यापासून हातभर उंचीपर्यंत गाळाचा पिवळसर थर वाळून बसला होता आणि खालची पाने कुजून काळी पडली होती. सेंटिनेल-१ च्या रडारची लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीची असते; ती दाट उसाच्या वरच्या पानांवरच अडते आणि तिथूनच परत फिरते. त्यामुळे खाली पाणी असूनही रान भरल्या पिकासारखे उजळ दिसते. ज्या तालुक्यांत ऊस हेच मुख्य पीक आहे, तिथे ही त्रुटी लहान नाही. तेव्हापासून मी कोणत्याही पूरनकाशाकडे पाहताना तो कोणत्या लहरीने काढला आहे, हे आधी विचारतो.

याचे उत्तर लांब लहरीच्या रडारमध्ये आहे, आणि इथे भारत-अमेरिका सहकार्याचे सर्वांत मोठे उदाहरण समोर येते. निसार या उपग्रहाचा करार नासा आणि इस्रो यांच्यात सप्टेंबर २०१४ मध्ये झाला आणि तो ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून आपल्या जीएसएलव्हीने सोडला गेला. त्यावर दोन रडार आहेत: सुमारे २४ सेंटिमीटर लहरीचे एल-बँड रडार नासाचे, तर सुमारे साडेनऊ सेंटिमीटर लहरीचे एस-बँड रडार इस्रोचे. दोघांसाठी मिळून १२ मीटर व्यासाची, छत्रीसारखी उघडणारी जाळीची अँटेना नासाने दिली. उपग्रहाचा मूळ सांगाडा आणि प्रक्षेपण भारताचे. लांब लहर पानांतून खाली उतरते, पाण्यावर आदळते, तिथून खोडावर आपटून परत येते, आणि म्हणून पाण्यात उभे असलेले उंच पीक किंवा झाडी वेगळी ओळखता येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. जमीन काही सेंटिमीटरने सरकली तरी दोन वेळच्या निरीक्षणांची तुलना करून ते मोजता येते. निसार सोडला त्या तारखेला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणच्या दुर्घटनेला बरोबर अकरा वर्षे झाली होती, हे मला तेव्हा प्रकर्षाने जाणवले. ३० जुलै २०१४ च्या त्या सकाळी दीडशेहून अधिक माणसे डोंगराखाली गाडली गेली. अशी प्रत्येक दरड उपग्रह आधी सांगेल असे मी म्हणणार नाही, कारण मुसळधार पावसात उतार क्षणात सुटतो. पण जे उतार वर्षानुवर्षे हळूहळू सरकत आहेत त्यांची यादी तरी आता करता येईल, आणि ती करणे आपले कर्तव्य आहे.

आपत्तीच्या वेळचे सहकार्य लेखी नियमांनी बांधलेले आहे. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दूरसंवेदनाची, म्हणजे उपग्रहातून पृथ्वीचे निरीक्षण करण्याची, तत्त्वे मान्य केली. ज्या देशाच्या भूमीचे निरीक्षण झाले त्याला ती माहिती भेदभाव न करता आणि वाजवी किमतीत मिळावी, आणि आपत्तीत उपयोगी पडेल अशी माहिती ज्याच्याकडे असेल त्याने ती संबंधित देशाला शक्य तितक्या लवकर द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. पुढे १९९९ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत युरोपीय आणि फ्रेंच अंतराळ संस्थांनी एक सनद मांडली, आणि १ नोव्हेंबर २००० पासून ‘अंतराळ आणि मोठ्या आपत्ती’ या नावाची ही आंतरराष्ट्रीय सनद अमलात आली. इस्रो २००१ मध्ये तिच्यात सामील झाली. काम असे चालते: आपत्तीत सापडलेल्या देशाची अधिकृत यंत्रणा एका क्रमांकावर कळवते, चोवीस तास हजर असलेला अधिकारी मागणीची खातरजमा करतो, आणि सदस्य संस्था आपापले उपग्रह त्या भागाकडे वळवून प्रतिमा विनामूल्य देतात. २००४ च्या त्सुनामीत हेच घडले. २०१२ पासून सनदेबाहेरच्या देशांच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणांनाही थेट मागणी करण्याची वाट खुली झाली. अमेरिका, चीन आणि रशिया एरवी एकमेकांच्या समोरासमोर उभे असतात, तरी या सनदेत तिघांच्याही संस्था आहेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मात्र ही सनद तातडीच्या मदतीपुरती आहे. दुष्काळासारख्या सावकाश येणाऱ्या संकटाला तिच्यात जागा नाही.

रोजच्या उपयोगाच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठा बदल खुल्या माहितीने घडवला. लँडसॅटची एकेक प्रतिमा एके काळी सुमारे ६०० डॉलरला मिळत असे, आणि २००१ मध्ये, विक्री सर्वाधिक होती तेव्हाही, वर्षाला साधारण २५ हजार प्रतिमा खपत. २००८ च्या अखेरीस अमेरिकेने १९७२ पासूनचा सारा संग्रह मोफत केला, आणि पुढच्या एका वर्षाच्या आतच दहा लाखांवर प्रतिमा उतरवल्या गेल्या. ज्या प्रतिमा पूर्वी कपाटात पडून होत्या त्यांतून जगभरची जंगले, तलाव आणि शहरांची वाढ यांचे इतिहास लिहिले गेले. युरोपने सेंटिनेल मालिका २०१४ पासून याच धोरणाने सुरू केली. आपण मात्र इतरांची मोफत माहिती वर्षानुवर्षे वापरली आणि स्वतःची दारे उशिरा उघडली, हे मान्य केले पाहिजे. २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणाने पाच मीटर आणि त्याहून ढोबळ तपशिलाच्या, म्हणजे ज्यांतला एक ठिपका जमिनीवरचे पाच मीटर किंवा अधिक अंतर व्यापतो अशा, प्रतिमा खुल्या करण्याचे ठरवले आणि ‘भूनिधी’ या संकेतस्थळावर त्या मिळू लागल्या, याचे मी मनापासून स्वागत करतो.

भारत केवळ घेणारा आहे असा समज मात्र करून घेऊ नये. नोव्हेंबर २००९ मध्ये नासाच्या क्विकस्कॅट उपग्रहाची फिरती अँटेना थांबली आणि समुद्रावरच्या वाऱ्याचे मोजमाप करणारे एक मोठे साधन गेले. त्याच्या दोनच महिने आधी आपला ओशनसॅट-२ गेला होता, आणि पुढची काही वर्षे त्याच्यावरच्या उपकरणाने मोजलेले वारे युरोप-अमेरिकेतले हवामान विभागही वापरत राहिले. फ्रान्सबरोबर आपण २०११ मध्ये मेघा-ट्रॉपिक्स आणि २०१३ मध्ये सरल हे उपग्रह सोडले. सरल समुद्राच्या पातळीची उंची मोजण्यासाठी होता.

या देवाणघेवाणीचा एक भाग सहसा कोणाच्या नजरेला पडत नाही. दोन देशांच्या उपग्रहांनी एकाच शेताचे वेगवेगळे आकडे दिले तर ते एकत्र ठेवून काय उपयोग? म्हणून १९८४ पासून काम करणाऱ्या पृथ्वी-निरीक्षण उपग्रह समितीने काही जागा मापाच्या म्हणून ठरवल्या आहेत. लिबियाच्या वाळवंटातला वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा त्यांपैकी आहे. तिथे पाऊस जवळजवळ नाही, झाडे नाहीत, माणसे नाहीत, म्हणून त्याची चमक वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही. निरनिराळ्या देशांचे उपग्रह त्या वाळूकडे पाहून आपापले कॅमेरे तपासतात. आपल्या गावचा पीकनकाशा विश्वासार्ह असण्यात त्या वाळूचाही वाटा आहे.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आपण स्वतःच पाहावे, असे मी सुचवतो. कोपर्निकस ब्राउझर हे सेंटिनेलच्या प्रतिमा दाखवणारे युरोपचे संकेतस्थळ उघडा, विनामूल्य नोंदणी करा, सेंटिनेल-१ निवडा, ऑगस्ट २०१९ मधली तारीख घ्या आणि हरिपूरजवळच्या कृष्णा-वारणा संगमापासून नृसिंहवाडीपर्यंत नदीच्या कडेने सावकाश खाली उतरत जा. मग त्याच वर्षीच्या मे महिन्यातली प्रतिमा शेजारी ठेवा. जे दोन्हींत काळे आहे ती नदी आणि तलाव, जे फक्त ऑगस्टमध्ये काळे आहे ते पुराचे पाणी. प्रतिमेवरची वेळ जरूर वाचा, कारण नकाशा त्या क्षणापुरताच खरा असतो, आणि नदीकाठचा उजळ दिसणारा ऊस कोरडा होता असे त्या शेतमालकाला विचारल्याशिवाय समजू नका.