टाचेचं हाड वाढलं म्हणून दूध-नाचणी तोडू नका

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम तसंच ठेवून लिहायला बसले. आई 56 वर्षांची, टाचेच्या एक्स-रेत काटा (वाढलेलं टोकदार हाड) दिसला, कुणी तरी म्हणालं की कॅल्शियम जास्त झालं की हाड वाढतं, म्हणून तीन आठवडे दूध, दही, नाचणी बंद. आणि आता तुम्ही विचारताय की ॲक्युपंक्चर आणि आहाराने हाड विरघळेल का. सहा वर्षांपूर्वी माझं हेच झालं होतं. फक्त मी कुणाला विचारलं नाही.

मी डॉक्टर नाही. गोव्यात डिचोली तालुक्यात 29 वर्षं प्राथमिक शाळेत उभं राहून शिकवलं, एवढाच माझ्या टाचांचा इतिहास. मऊ चप्पल, बर्फ, वजन हे तुम्हाला सांगितलंच असेल, त्यात शिरत नाही.

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. गणेश चवथीच्या आधी चार दिवस स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मग चालणंच कठीण झालं. तेव्हा एका ॲक्युपंक्चरच्या उपचार केंद्रात गेले. नाव लिहीत नाही. तिथल्या माणसाने एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाला, "हे बघा, कॅल्शियम साचलंय. दूध, तीळ, नाचणी, गोळ्या सगळं बंद. एकवीस बैठका घ्या, काटा वितळतो." पैसे आधी भरून घेतले. माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या. हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आठ महिने मी ते पथ्य इतक्या निष्ठेने पाळलं की श्रावणातला दहीभातही सोडला.

पुढच्या पावसात घराच्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरले आणि मनगट मोडलं. साधं पडणं होतं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हाडांची घनता तपासली, ती ठिसूळ हाडांच्या वर्गात आली. डी जीवनसत्त्व 11, म्हणजे बरंच कमी. आठ महिन्यांच्या पथ्यानेच हाडं ठिसूळ झाली असं मी म्हणणार नाही, ती झीज आधीच सुरू असणार. पण ज्या वयात हाडाला सगळ्यात जास्त गरज, नेमकं तेव्हा मी ते तोडलं, याचं वाईट आजही वाटतं.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते आधी कुणी सांगायला हवं होतं. काटा दुधामुळे येत नाही. टाचेपाशी वर्षानुवर्षं ताण आणि दाब पडतो, तिथे शरीर हाड चढवतं. जेवणातून कॅल्शियम आलं नाही तर रक्तातली पातळी राखायला शरीर ते सांगाड्यातूनच काढतं, काट्यातून वेचून नव्हे. आणि दुखतं ते बहुतेक वेळा काट्यामुळे नाही, तळव्याच्या जाड पट्ट्यामुळे. कितीतरी लोकांच्या टाचेत काटा असतो आणि त्यांना काही होत नाही. माझ्या टाचेचा एक्स-रे गेल्या वर्षी पुन्हा काढला. काटा जिथल्या तिथे, तेवढाच. दुखणं मात्र गेलंय.

मग ॲक्युपंक्चर वाईट का? मला तसं वाटत नाही. मनगट बरं झाल्यावर मी दुसऱ्या, नीट शिकलेल्या बाईंकडे सहा बैठका घेतल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "हाड जाणार नाही, वेदना कमी होऊ शकतात." सुया टाचेत कमी, पोटरीत आणि घोट्यामागे जास्त. दोन-तीन दिवस हलकं वाटायचं, आणि त्या दिवसांत व्यायाम करता यायचा. माझ्या मते ॲक्युपंक्चरचा उपयोग तेवढाच, पण तो लहान नाही. सुया दर वेळी नव्या, बंद पाकिटातल्या हव्यात. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, मधुमेहाने पाय बधिर असतील किंवा पेसमेकर असून सुयांना वीज जोडणार असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. "वितळतो" म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

खरा फरक व्यायामाने पडला. पायरीच्या कडेला उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, टाच तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबून तीन सेकंदांत खाली. दिवसाआड बारा वेळा. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2015 मध्ये हाच प्रकार तपासला होता. मला तीन महिने लागले. पहिल्या पंधरवड्यात सोडून द्यावंसं वाटेल, आईला सोडू देऊ नका. तोल जात असेल तर कठडा धरायला सांगा.

आहाराने काटा जात नाही, पण हाडं सांभाळता येतात. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350. मी सकाळी नाचणीची आंबील, दुपारी दही, आठवड्यातून दोनदा काट्यासकट मऊ शिजवलेली तारली मासळी खाते. आई शाकाहारी असेल तर तीळ, दूध, शेवग्याचा पाला. डी जीवनसत्त्व तपासून घ्या. आपल्याकडे ऊन इतकं असूनही मी सकाळी वर्गात आणि दुपारी छत्रीखालीच असायचे. आणखी एक, थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी.

टाच सुजली असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, ताप असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून अस्थितज्ज्ञाकडे जा.

मुतखड्यासारख्या कारणाने डॉक्टरांनीच दूध बंद केलं नसेल, तर आज रात्रीपासून आईला पेलाभर दूध द्या. आणि पाळी जाऊन किती वर्षं झाली, कुठल्या गोळ्या चालू आहेत, ते इथे लिहा.