बहीण जेवणानंतर मुद्दाम उलटी काढते, छातीत धडधडतं. पण वजन ठीक आहे आणि ईसीजी नॉर्मल आलाय. काळजी करावी का?

हो, करावी. तुम्ही लिहिलंय की बहीण २२ वर्षांची आहे, वर्षभर हे चाललंय, एकदा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पण अंगानं चांगली आहे म्हणून घरचे निर्धास्त आहेत. मी मेडिसिन वॉर्डात काम करणारी डॉक्टर आहे आणि मला या निर्धास्तपणाचीच भीती वाटते. बुलिमियात, म्हणजे भरपूर खाऊन मग मुद्दाम उलटी काढण्यासारख्या गोष्टी करण्याच्या आजारात, वजन बहुतेक वेळा ठीकच असतं. बिघडतं ते पोटॅशियम.

रक्तात ते साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर लागतं. सतत उलट्या झाल्या की पोटातलं आम्ल आणि शरीरातलं मीठ-पाणी जातं. ते मीठ-पाणी राखण्यासाठी मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवतात आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडतात. त्यामुळे उलटीत जातं त्याहून जास्त पोटॅशियम लघवीतून जातं. जुलाबाच्या गोळ्या घेत असेल तर आणखीच. पोटॅशियम फार उतरलं की एका ठोक्यानंतर पुढच्यासाठी तयार व्हायला हृदयाला जास्त वेळ लागतो. ईसीजीवर हे क्यूटी अंतरात दिसतं. बायकांमध्ये ते मुळातच पुरुषांपेक्षा थोडं जास्त असतं. क्यूटीसी, म्हणजे नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेलं क्यूटी, ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं तर हृदयाची लय अचानक बिघडून माणूस जागीच कोसळू शकतो.

ईसीजी मात्र काही सेकंदांचाच असतो. चार दिवस उलट्या नसताना काढलेला पट्टा पुढच्या आठवड्याची हमी देत नाही.

एक गोष्ट वॉर्डात हमखास दिसते. उलट्यांनी घसा दुखतो, मग अॅझिथ्रोमायसिन मिळतं. मळमळ सांगितली की ऑन्डान्सेट्रॉन. दोन्ही औषधं क्यूटी वाढवतात. देणाऱ्या डॉक्टरांचा दोष नसतो, त्यांना खरं कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'ती स्वतःहून उलटी काढते.' लाज वाटेल, तरी सांगा.

सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, ईसीजी पुन्हा काढा. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही, आणि हे वरचेवर राहून जातं. शहाळं आणि केळी चालतील, पण उलट्या सुरू असताना तेवढ्यानं भागत नाही. पोटॅशियमचं औषध मनानं देऊ नका. ते जास्त झालं तरी हृदयाला धोकाच.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी फार खंगलेली, खाणंच सोडलेली मुलगी असेल तर तिची मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस ठोक्यांची संथ नाडी म्हणजे फिटनेस समजू नका. आणि तिला एकदम तूप-शिरा भरवू नका. उपासमारीनंतर अचानक जास्त खाल्लं की फॉस्फेट झपाट्यानं घसरतं, त्यातही हृदय बंद पडू शकतं. खाणं वाढवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

बहिणीशी बोलताना वजनाचा विषय काढू नका, ताटावर पहारा बसवू नका. 'तुझी धडधड तपासून घेऊ, मी सोबत येते' एवढं म्हटलं तरी पुष्कळ मुली तयार होतात. हृदयासोबत मानसोपचारही हवेतच, कारण उलट्या थांबल्याशिवाय पोटॅशियम पुन्हा पुन्हा उतरेल. कुठे जायचं हे कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे. पुन्हा अंधारी आली, शुद्ध हरपली किंवा हातापायांतली ताकद गेल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.