वडिलांचा चष्मा आणि मैत्रेयीचा प्रश्न

प्रश्न : माझे वडील जाऊन दोन वर्षे झाली. त्यांचा चष्मा मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे. अधूनमधून काढते, काचा पुसते आणि परत ठेवते. आमच्या अद्वैताच्या अभ्यासवर्गात सांगतात की सर्व एकच आहे आणि आसक्ती हे अज्ञान आहे. मुलगा म्हणतो, मधमाशीला दिसणारे काही रंग माणसाला दिसत नाहीत, तसेच अद्वैतही आपल्या इंद्रियांच्या आवाक्याबाहेर आहे, इतकेच. हे बरोबर आहे काय? आणि चष्मा देऊन टाकावा काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलाची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. माणसाच्या डोळ्याला साधारण ३८० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो आणि मधमाशीला दिसणारा अतिनील प्रकाश त्याबाहेर राहतो, हे खरे. परंतु तो प्रकाश उपकरणाने टिपता येतो. म्हणजे आपल्याला दिसला नाही तरी तो पाहण्याचा विषयच आहे. अद्वैत ज्या मर्यादेविषयी बोलते ती निराळी आहे. तिथे अडचण डोळा दुबळा असल्याची नसून, जो पाहतो तोच पाहण्याचा विषय होऊ शकत नाही, ही आहे.

हे समजायला एक प्रयोग करून पाहा. कोऱ्या कागदावर आठेक सेंटिमीटर अंतराने दोन ठिपके काढा, डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने डावीकडच्या ठिपक्यावर नजर रोखा आणि हातभर अंतरावरून कागद हळूहळू जवळ आणा. सुमारे ३० सेंटिमीटरवर उजवा ठिपका नाहीसा होतो आणि तिथे भोक न दिसता कोरा कागदच दिसतो. डोळ्यातला दृष्टीचा मज्जातंतू जिथून मेंदूकडे निघतो, नेमकी तीच जागा आंधळी असते आणि ही उणीव जन्मभर आपल्या ध्यानातही येत नाही. हा दृष्टान्त आहे, प्रमाण नव्हे. पण दिसण्याच्या मुळाशी असलेले न दिसणे त्यावरून समजायला सोपे जाते.

आता आसक्ती. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी घर सोडून निघताना पत्नी मैत्रेयीला सांगतात की पती, पुत्र, धन ही पती, पुत्र, धन म्हणून प्रिय नसतात, आत्म्यासाठी प्रिय असतात. पुष्कळ जण या वाक्याचा अर्थ स्वार्थ असा करतात आणि मला त्याचे वाईट वाटते. इथला आत्मा म्हणजे अहंकार नव्हे. वडील आपल्याला प्रिय होते, त्या प्रियतेचे मूळ जिथे आहे तो आत्मा, आणि तो वडिलांमध्ये एक व आपल्यामध्ये दुसरा असा नाही. म्हणून माया लागणे हा दोष नाही. ती प्रियता एका वस्तूत कोंडलेली आहे आणि वस्तू गेली की तीही जाईल, ही समजूत म्हणजे आसक्ती.

पुढे याज्ञवल्क्य मृत्यूनंतर निराळी अशी जाणीव उरत नाही असे म्हणतात, तेव्हा मैत्रेयी स्पष्टच सांगते की आपण मला गोंधळात टाकलेत. हा संवाद मला तिच्या या बोलण्यामुळेच जवळचा वाटतो. ते तिला गप्प बसवत नाहीत. जिथे सर्व आत्माच झाले तिथे कोणी कोणाला कशाने पाहावे आणि जाणणाऱ्याला कशाने जाणावे, असे ते विचारतात. अभ्यासवर्गात आपल्याला अडचण आली असेल, तर आपणही तशीच ती बोलून दाखवावी.

आणि अद्वैत म्हणजे प्रेमाची बेरीज शून्यावर आणणे, असे ज्ञानदेव तरी मानत नाहीत. ‘अमृतानुभवा’च्या आरंभी ते शिवशक्तीला वंदन करतात ते दांपत्य म्हणूनच, आणि त्यांचे ऐक्य सांगताना दोन ओठांतून निघणारा एकच बोल व दोन डोळ्यांची एकच दृष्टी यांचे दाखले देतात.

तेव्हा चष्मा राहू द्या. पुढल्या वेळी काचा पुसताना एवढेच पाहावे की तो हरवला किंवा फुटला, तर वडिलांविषयीचे आपले प्रेम कमी होईल काय. होणार नाही असे आतून वाटले, तर तो खणात राहिला काय किंवा कोणा गरजूला दिला काय, दोन्ही सारखेच. तसे अजून वाटत नसेल, तर देऊन टाकण्याची घाई मुळीच करू नये.