बाल्कनीतल्या झाडांची वर्षभर काळजी कशी घ्यायची? कुठल्या महिन्यात काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, दर पावसाळ्यात हौसेने नर्सरीतून झाडं आणता आणि पुढचा मे संपेपर्यंत निम्म्या कुंड्या रिकाम्या होतात, तर महिन्यावार तक्ता हवाय. तक्ते मी पण जमवले होते सुरुवातीला, एक तर फ्रीजवर चिकटवलेला होता, पण ते सगळे अंगणात, मोकळ्या जागेत झाडं लावणाऱ्यांचे असतात. बाल्कनीत ऊन वर्षभर एका जागी पडतच नाही. त्यामुळे आधी सांगा, बाल्कनीचं तोंड कुठल्या दिशेला आहे?

माझी दक्षिणेला आहे. कोथरूड, चौथा मजला, अकरा वर्षं झाली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो म्हणून ऊन पार हॉलमधल्या सोफ्यापर्यंत येतं, गुढीपाडव्याच्या सुमाराला ते सरकत सरकत कठड्यापाशी जातं आणि मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो (तो शून्य सावलीचा दिवस), तिथून जुलै संपत येईपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे लोक उन्हाने हैराण असतात तेव्हा माझ्या कुंड्यांना थेट ऊन जवळजवळ नाहीच, आणि थंडीत मात्र भरपूर. मी पहिली तीन वर्षं टोमॅटो-मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये लावायचे, रोपं नुसती लांबुडकी व्हायची आणि फुलांचा पत्ता नाही. आता दसऱ्यानंतर लावते आणि जानेवारीत घरचे टोमॅटो खाते. उत्तरेची बाल्कनी असेल तर नेमकं उलटं, थंडीत तिथे मनी प्लांट, स्नेक प्लांट असलीच मंडळी ठेवा. पूर्वेची असेल तर तुम्ही नशीबवान. पश्चिमेची सगळ्यात त्रासदायक, कारण दुपारचं ऊन खाल्लेली भिंत रात्रीपर्यंत गरम राहते, तिथे मार्च ते मे पन्नास टक्क्यांची (म्हणजे निम्मं ऊन अडवणारी) हिरवी शेडनेट बांधल्याशिवाय काही टिकत नाही.

दुसरी गोष्ट, झाडं मेमध्ये मेली असं तुम्ही म्हणताय, पण माझा अंदाज असा की ती जुलैतच आतून गेलेली असतात. आपल्याकडे पावसाळा म्हणजे झाडांचा सण असं डोक्यात बसलंय, जमिनीतल्या झाडांना आहेही, पण कुंडीत पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून पानं हिरवी दिसतात म्हणून कळत नाही, मग अर्ध्या मुळांवर ते झाड उन्हाळ्यापर्यंत रेटतं आणि पहिल्या कडक उन्हात मान टाकतं. म्हणून जूनच्या आधी प्रत्येक कुंडीचं खालचं भोक काडी घालून मोकळं करा, खालच्या ताटल्या काढून टाका (त्यात डासही होतात, डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतात), आणि नर्सरीतून आणलेलं रोप लाल मातीच्या त्या घट्ट गोळ्यासकट तसंच कुंडीत बसवू नका, गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने सैल करा. मी दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड (निंबोळ्यांचं तेल काढून उरलेला चोथा) असं मिश्रण करते. काळी माती फुकट मिळाली तरी कुंडीत नको, पावसात चिखल होतो आणि उन्हात भेगा पडतात.

पावसाळ्यात एकच काम मनापासून करते, फांद्या लावणं. जास्वंद, मोगरा, अबोली सगळं फांदीवरून होतं. शेवंतीचे शेंडेही जून-जुलैमध्येच लावायचे. शेवंतीवरून आठवलं, दोन वर्षं माझ्याकडे तिला एक कळी नाही, खत घालून घालून थकले, शेवटी लक्षात आलं की आमच्याकडे बाल्कनीतला दिवा रात्रभर चालू असायचा. शेवंतीला कळ्या धरायला लांब अंधारी रात्र लागते. सप्टेंबरपासून दिवा बंद केला, दिवाळीनंतर कुंडी पिवळीधमक. सासूबाई म्हणाल्या, विजेचं बिलही वाचलं!

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की बागेचं खरं वर्ष सुरू होतं असं मी मानते. पावसाने खत धुऊन गेलेलं असतं, म्हणून वरची दोन इंच माती उकरून शेणखत किंवा गांडूळखत घालायचं. गुलाबाची छाटणी याच महिन्यात, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो तो फांदीवरचा उंचवटा) जरा वर तिरका काप द्यायचा, साधारण दीड महिन्यात फुलं येतात. मेथी स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच पेरली तरी उगवते, महिन्याच्या आत भाजी. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन फाका करून पेरा आणि आठ-दहा दिवस धीर धरा. लोक चौथ्या दिवशी माती उकरून बघतात (मी पण बघायचे).

आता मोगरा, कारण सगळ्यांचं रडगाणं तेच, पानं भरपूर पण फूल नाही. डिसेंबरात त्याला उपाशी ठेवायचं. पाणी अगदी कमी, खत बंद. मकरसंक्रांत झाली की छाटणी, उरलेली पानं पण खुडून टाकायची, मग खत आणि हळूहळू पाणी वाढवायचं. होळीच्या आसपास कळ्या दिसायला लागतात. माझ्याकडे ऊन निघून जातं म्हणून एप्रिलनंतर बहर संपतो, समोरच्या बिल्डिंगमध्ये टेरेसवर मेअखेर फुलतो. जळफळाट होतो पण इलाज नाही.

उन्हाळ्यात विशेष काही नाही. कुंडीतल्या मातीवर वाळलेली पानं किंवा नारळाच्या शेंड्या पसरा, पाणी सकाळी आठच्या आत, आणि खत-छाटणीच्या भानगडीत पडू नका. पाणी घालायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी नाही, हे बाराही महिने. आठवडाभर गावाला जाताना सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवते, मध्ये स्टुलावर पाण्याची बादली आणि बादलीतून प्रत्येक कुंडीत जुन्या सुती साडीची पिळलेली पट्टी. काही झाडं रुसतात, मरत नाहीत.

जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला, तीन-चार वेळा. एकदाच फवारून सोडलंत तर पंधरा दिवसांत पाहुणे परत हजर.

बाल्कनीची दिशा आणि दिवसातून किती तास ऊन येतं ते खाली लिहा, म्हणजे कुठली झाडं आणायची ते सांगते. तोवर या पावसाळ्यात नवीन काही आणू नका, आहेत त्या कुंड्यांची भोकं तेवढी तपासा.