गावरान तलंगा (तरुण कोंबड्या) पाच महिन्यांच्या झाल्या, तरी अजून अंडी का देत नाहीत?

अजून थोडं थांबा. गावरान कोंबडी साधारण सहा-सात महिन्यांची झाली की अंड्यावर येते. तुरा लालभडक झाला आणि पाठीवर हात ठेवताच ती पंख जरा पसरून खाली दबली, की अंडं जवळ आलं समजा. पहिली अंडी बारीक असतात, कधी कवचावर रक्ताची रेघ दिसते. घाबरू नका. मध्येच दोन बलकांचं किंवा नुसत्या पापुद्र्याचं मऊ अंडंही येतं, कारण शरीराची लय अजून बसलेली नसते. पुढेही वारंवार मऊच येत असेल, तर बहुधा कॅल्शियम कमी पडतंय. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. लागेल तेवढा ती स्वतः खाते. आणि खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढा घातलेली टोपली आत्ताच ठेवा, नाहीतर अंडी कुंपणाकडेच्या गवतात शोधावी लागतील.