तुरुंग, खोडा आणि 'सामूहिक कारावास'

'थर्टीन्थ' ही दिग्दर्शिका एव्हा ड्युवर्नेची अमेरिकेतल्या तुरुंगांवरची २०१६ ची डॉक्युमेंट्री बघून तुम्ही विचारलंत की मास इन्कार्सरेशनला, म्हणजे तिथे प्रचंड संख्येने माणसं, त्यातही कृष्णवर्णीय, तुरुंगात टाकतात त्याला, मराठीत 'सामूहिक कारावास' म्हटलेलं चालेल का. नाही चालणार. सामूहिक प्रार्थना, सामूहिक विवाह, म्हणजे चार माणसं मिळून आपणहून करतात ते सामूहिक. जेलभरोत गेलेल्यांना फार तर हा शब्द लावा, पण ज्यांना पोलिसांनी एकेक करून उचलून आत टाकलंय त्यांचं कसलं सामूहिक! मास दिसलं की सामूहिक लिहून मोकळं व्हायचं ही सवय आता खरंच थांबवा.

कैद, बंदी, कोठडी हे सगळ्यांना माहितीये, ते सोडतो. आणि 'कारागृह हाच शुद्ध शब्द, तुरुंग परका' असं सांगणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही, कारण या विषयाला तुरुंगाइतका नेमका शब्द दुसरा नाहीच. तो पोर्तुगीज 'ट्रोंकु' वरून आला, जुन्या गोव्यात कैदखान्याला ट्रोंकुच म्हणत. मराठी तोंडाला सुरुवातीचं जोडाक्षर नको म्हणून तुर झालं, अनुनासिकानंतरच्या क चा ग झाला, झाला तुरुंग. मलाय भाषेत हाच शब्द तेरुंगकु होऊन बसलाय. बरेच जण 'मूळ पोर्तुगीज' एवढं सांगून थांबतात, अरे पण ट्रोंकु म्हणजे काय ते कोण सांगणार? ट्रोंकु म्हणजे झाडाचं खोड! ओंडक्याला भोकं पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवायचे, त्या ओंडक्याचं नाव पुढे अख्ख्या इमारतीला लागलं. आता आपल्याकडे बघा, खोड आणि खोडा. कामात खोडा घालतात तोच, मूळचा पाय अडकवायचा लाकडी खोडा. इंग्रजीतलं स्टॉक्ससुद्धा खोडच. तीन भाषांनी एकमेकींना न विचारता झाडाच्या खोडातूनच कैद काढली, मला हे फार म्हणजे फार आवडतं.

आणि ब्राझीलमध्ये, जिथे गुलामगिरी १८८८ पर्यंत चालली, तिथे ट्रोंकु म्हणजे गुलामांना जखडायचा खोडा. म्हणजे आपण रोज बोलतो त्या तुरुंगाच्या घराण्यातच गुलामगिरी आहे, आणि डॉक्युमेंट्रीचं म्हणणं तरी दुसरं काय आहे? अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी आणि वेठबिगार बंद केली, पण 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून'. त्या एका फटीतून दक्षिणेतल्या राज्यांनी नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना बेकार फिरतात म्हणून पकडलं आणि खाणी, रेल्वे, मळेवाल्यांना कैदी चक्क भाड्याने दिले, अलाबामात तर हे १९२८ पर्यंत चालू होतं. याला कोणी नुसती सक्तमजुरी म्हणू नका, सक्तमजुरी सरकार करून घेतं, ही मालकाच्या दारातली वेठ होती. पुढे अमली पदार्थांच्या १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला, म्हणजे कोकेनच्याच ओढायच्या खड्यांना, जी किमान शिक्षा तीच ५०० ग्रॅम कोकेन पावडरीला, आणि क्रॅकमध्ये पकडले जाणारे बहुतेक कृष्णवर्णीय.

हां, तुमचा शब्द राहिला. 'सरसकट तुरुंगवास' असंही सुचवतात, पण सरसकट म्हणजे सगळ्यांना सारखंच, इथे तर माणसं रंग बघून निवडलीयत. मी 'घाऊक तुरुंगवास' म्हणेन. घाऊक म्हटलं की माल आला, भाव आला, गिऱ्हाईक आलं, आणि ती माणसं खरंच भाड्याने दिली गेली होती.