भजनाच्या सरावाला पखवाजवाला नसेल, तर कमांड लाइनवरून (कॉम्प्युटरला टाइप करून आज्ञा देत) पटकन साथ तयार करता येते का?

येते. आमच्या मालवणकडे गणपती जवळ आले की पखवाजवाला चार वाड्यांत वाटलेला असतो, त्यामुळे मी हेच करतो. 'सॉक्स' (SoX) नावाचा आवाजावर काम करणारा छोटा फुकट प्रोग्राम घ्या. एकदा टाकला की नेट लागत नाही. पावसात रेंज गेली तरी सराव चालू.

तंबोऱ्यासाठी त्यातला 'सिंथ' इफेक्ट 'प्लक' प्रकारात वापरा, म्हणजे तार छेडल्यासारखा आवाज येतो. काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) चार तारा, आकडे हर्ट्झमध्ये: १०३.९४ (पंचम), १३८.५९ दोनदा (जोड), ६९.३ (खर्ज). 'डिले'ने त्या ०, १.२, २.४ आणि ३.२ सेकंदांवर सोडा, 'रीमिक्स'ने एकत्र करा, 'ट्रिम'ने ४.८ सेकंदांवर कापा आणि 'रिपीट'पुढे फक्त एक आडवी रेघ द्या. कंट्रोल-सी दाबेपर्यंत वाजत राहील.

ठेका मात्र मशीनवर बनवू नका, निर्जीव वाटतो. पखवाजवाला चहाला आला की भजनी ठेक्याचं एक आवर्तन फोनवर घ्या. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत आठ मात्रा म्हणजे बरोबर ४ सेकंद. तेवढंच कापा, नाहीतर दर फेरीला सम (आवर्तनाची पहिली मात्रा) घसरते. फोनची एमफोरए फाइल सॉक्सला वाचता येत नाही, आधी एफएफएमपेग (FFmpeg) या दुसऱ्या फुकट प्रोग्रामने तिची वेव्ह (WAV) फाइल करून घ्या. लय कमी करायला 'टेम्पो ०.८', आणि मगच 'रिपीट'. मी पहिल्यांदा चुकून 'स्पीड' दिलं होतं: सूरही उतरला आणि पखवाजाचा पिंप झाला!